परड्यात उगवलेलं अनोळखी रोप: उपटायचं की ठेवायचं?

मृगाचा पाऊस नीट मुरला की आठवड्याभरात परड्यातली माती दिसेनाशी होते. मे महिन्यात झाडून, पातेरा जाळून लख्ख केलेली जागा हिरवीगार होते आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. आमच्या वाडीतली बरीच बंद घरं आता मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींनी पुन्हा उघडली आहेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "काकू, हे काय उगवलंय? उपटून टाकू का?" फोटोत ओल्या मातीवर दोन पानं, आणि शेजारी कुणाच्या तरी चपलेचं टोक.

मी दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ राहते. घरामागे परडं, त्यापलीकडे माडा-पोफळीचं आगर. या मातीत काम करताना जे हाताला कळलं, ते इथे सांगते आहे. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. ओळख पटत नसेल तर फूल येईपर्यंत थांबा, पण बी धरू देऊ नका. फुलाशिवाय कित्येक रोपांची खात्री होत नाही, आणि बी पडलं तर पुढची कितीतरी वर्षं तेच रोप परत परत उपटत बसावं लागतं. सारखीच रोपं खूप असतील तर दोन-तीन ठेवा, त्यांच्याजवळ काठी रोवा, तारीख लिहा. फूल दिसलं की दर दोन दिवसांनी तिथे फेरी मारा.

या नियमाला अपवाद आहेत. नागरमोथा, रानमोडी आणि गाजर गवत यांच्यासाठी थांबायचं नाही. त्यांचं पुढे सांगते.

पानाकडे बघण्याआधी जागा बघा

रोप कुठे उगवलं आहे यावरून निम्मी ओळख पटते. खताच्या खड्ड्याजवळ वेल वर आला असेल तर तो बहुधा काकडी, भोपळा, पडवळ यांच्यापैकी असतो, म्हणजे तुमच्याच स्वयंपाकघरातून गेलेलं बी. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, विजेच्या तारेखाली किंवा पक्षी बसतात त्या फांदीखाली उगवलेलं एकटं रोप पक्ष्यानं आणलेलं असतं. तिथे मिरची निघते, कामोणी निघते, आणि घाणेरी तर हमखास, कारण तिची काळी फळं बुलबुलांना फार आवडतात. जांभ्याच्या गडग्याच्या फटीत वड, पिंपळ किंवा उंबर दिसला तर मात्र बोटभर असतानाच मुळासकट काढा. मूळ एकदा चिऱ्यांत शिरलं की गडगा फुटतो, आणि घराच्या भिंतीचंही तेच होतं.

शेणखताची गाडी नवी आणली असेल, बाहेरची माती टाकली असेल किंवा नर्सरीतून कुंडी आणली असेल, तर त्याच ठिकाणी उगवणाऱ्या नव्या चेहऱ्यांकडे संशयानं बघा. न कुजलेल्या शेणात गवताचं बी जिवंत असतं. कुंडीतल्या मातीतून तर नागरमोथ्याच्या गाठी सहज घरात येतात. म्हणून नवी कुंडी मी लगेच आगरात लावत नाही, आधी काही दिवस अंगणाच्या कडेला वेगळी ठेवते.

स्वतः पेरलेलं रोप आणि आपोआप उगवलेलं रोप यांत गोंधळ होऊ नये म्हणून माझी एक सवय आहे. भेंडी, वांगी, मिरची, माठ, जे काही वाफ्यात पेरायचं त्याचे चार दाणे त्याच दिवशी एका वेगळ्या कुंडीत स्वच्छ, चाळलेल्या मातीत टाकते आणि कुंडीवर नाव लिहिते. वाफ्यात शंका आली की या कुंडीशेजारी जाऊन बघायचं. बियाणं फेकून न पेरता ओळीत पेरलं तर आणखी सोपं, कारण ओळीबाहेरचा प्रत्येक जण आपोआप वेगळा दिसतो.

बी रुजल्यावर येणारी पहिली दोन पानं मात्र विचारात घेऊ नका. ती बीजदलं असतात आणि पुढच्या पानांशी त्यांचा आकार जुळत नाही. किमान चार खरी पानं येईपर्यंत वांगं, मिरची, धोतरा, कामोणी एकमेकांसारखीच वाटतात, कारण ती एकाच कुळातली आहेत. पानं आली की वांग्याचं पान हाताला लवदार लागतं, मिरचीचं गुळगुळीत आणि चकचकीत असतं. धोतऱ्याचं पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. धोतरा पूर्ण विषारी आहे, म्हणून लहान मुलं असलेल्या घरी तो ओळखता आला की ठेवू नका.

हात, नाक आणि नख

आता रोपाजवळ बसा. नुसतं उभ्यानं बघून काही कळत नाही.

खोड बोटांत धरून फिरवा. चौकोनी लागलं तर तुळशीच्या कुळातलं असण्याची शक्यता मोठी, पण घाणेरीचं खोडही चौकोनीच असतं. घाणेरीचं पान खरखरीत, वास उग्र, आणि खोडावर बारीक काटे असतात. रानतुळस तुळशीपेक्षा जास्त केसाळ आणि पानानं मोठी असते, वासही वेगळा येतो. ती अमेरिकेतून आलेली आहे आणि मोकळ्या जागा भराभर व्यापते. वृंदावनाजवळ उगवली म्हणून तिला तुळस समजून जपू नका.

गवतासारखं दिसणाऱ्या रोपाचं खोड तिकोनी लागलं तर तो लव्हाळ्याच्या कुळातला, बहुधा नागरमोथा. खऱ्या गवताचं खोड गोल असतं आणि त्याला पेरं असतात. गवती चहाचा ठोंब आणि साधं गवत यांत शंका असेल तर पातं चुरगळा, लिंबाचा वास आला तर ठेवा. हळदीसारख्या रुंद पानांचंही तसंच. कर्दळीला हळदीचा वास येत नाही, पेवाला येत नाही, आणि पेवाची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी वळत वर चढतात. आंबेहळदीचा गड्डा जरा खरवडला की कैरीचा वास येतो. पातोळ्यांसाठी पानं हवीत म्हणून हळद लावलेल्या घरांत हे रोज उपयोगी पडतं.

मग देठ तोडून चीक बघा. घोळ आणि दुधी (भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण) यांच्यासाठी ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींची खोडं तांबूस, दोन्ही अंगणाच्या फटीत येतात. घोळीचं खोड आणि पान मांसल, गुळगुळीत असतं, तोडलं तर स्वच्छ पाणी दिसतं. दुधीचं पान पातळ असतं आणि तोडल्याबरोबर पांढरा चीक येतो. घोळ भाजीला चालते. पांढरा चीक असलेलं काहीही घोळ म्हणून कढईत जाता कामा नये. चीक डोळ्याला लागू देऊ नका, विशेषतः रुईचा आणि शेराचा, आणि नंतर हात साबणानं धुवा.

माक्याची ओळख तर फारच सुंदर आहे. ओलसर जागी, पन्हळीच्या पाण्याखाली उगवतो, फूल बारीक पांढरं. त्याचं पान किंवा खोड चोळून थोडा वेळ थांबलं की रस काळा पडतो. शेजारीच उगवणारी एकदांडी तसं करत नाही, आणि तिचं फूल लांब, एकट्या दांड्यावर उंच येतं.

चव घेऊन मात्र कधीही बघू नका. रान-अळू किंवा सुरणाच्या कुळातलं काहीही कच्चं जिभेला लागलं तर तोंड आणि घसा खाजून आग होते. या कुळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळेच आपल्याकडे अळूत चिंच किंवा कोकम पडतं आणि शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालतात.

जिथे फसगत होते

काही जोड्या मुद्दाम सांगते.

भुईमूग आणि टाकळा. पेरलेल्या भुईमुगात टाकळा येतो आणि कोवळेपणी दोघांची पानं सारखी वाटतात, दोघंही संध्याकाळी पानं मिटतात. मोजा. भुईमुगाच्या एका देठावर चार पानोळ्या असतात, टाकळ्याच्या बहुधा सहा, आणि त्या टोकाकडे रुंद होत जातात.

भात आणि भातासारखं दिसणारं गवत. तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यात, हे गवत इतकं बेमालूम मिसळतं की लावणी करताना मुठीत त्याचीही रोपं जातात. पान जिथे खोडाला वेढतं तिथे ते हळूच मागे वाकवा. भाताला तिथे पातळ पांढरट पापुद्रा असतो आणि दोन बाजूंना बारीक केसाळ कान. सर्वांत जास्त फसवणाऱ्या गवताला यातलं काहीच नसतं, तिथे सपाट, गुळगुळीत जागा दिसते. आमच्याकडे बेणायला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या बायका हे न वाकवता, नुसत्या रंगावरून ओळखतात. ती नजर यायला वेळ लागतो. तोपर्यंत नखाचा आधार घ्या.

खाजकुइली आणि शेंगभाजीचे वेल. कुंपणावर तीन-तीन पानांचा वेल चढला की तो अबई, पावटा, चवळी यांपैकी काहीही असू शकतो. खाजकुइलीची फुलं गडद जांभळी, खाली लोंबणाऱ्या घोसात येतात, आणि शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमली लव असते. ती लव अंगाला लागली तर होणारी खाज सहन होत नाही, वाऱ्यानंही उडून येते. जांभळे लोंबते घोस दिसले की शेंग धरण्याची वाट बघू नका. बुंध्यात कापा आणि वेल तिथेच सुकू द्या.

करांदा आणि कळलावी. हे सर्वांत काळजीचं आहे. पावसात दोन्ही कुंपणावर चढतात, दोन्हींना जमिनीत कंद असतो, आणि करांदे, कणगी, कोनफळ उकडून खायची आपल्याकडे आवड. करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं, रुंद, ठळक शिरांचं असतं आणि वेलालाच वर कंद लागतात. कोनफळाचा वेल चौकोनी, कडांना पातळ पंख असलेला. कणगीच्या वेलाला काटे. कळलावीचं पान लांबट असतं आणि त्याचं टोक धाग्यासारखं वळून आधाराला गुंडाळतं. पानाच्या टोकाला असा धागा दिसला तर तो कंद खणायचा नाही, हाताळायचा नाही, घरात आणायचा नाही. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद तर जीवघेणा. तरीही मी तिला तण म्हणत नाही. ती आपल्या मातीतली आहे आणि तिचं लाल-पिवळं फूल श्रावणात कुंपणाची शोभा असतं. मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी असेल तर राहू द्या.

उपटण्याआधी ताटाचा विचार करा

टाकळा, कुर्डू, केना, भारंगी, कुलू ही सगळी आपोआप उगवतात आणि सगळ्यांची भाजी होते. पहिल्या पावसात आलेला, वीतभराहून कमी उंचीचा टाकळा कांदा आणि ओलं खोबरं घालून केला की त्याची सर वाफ्यातल्या कुठल्या भाजीला नाही, असं माझं ठाम मत आहे. कुलू तर गवत समजून दरवर्षी किती घरी उपटला जातो. त्याची पाती गवतापेक्षा रुंद, मऊ आणि बुडाशी पांढरी असतात. मागच्या कोपऱ्याला मी नागपंचमीपर्यंत खुरपं लावत नाही. त्यानंतर टाकळ्याला पिवळी फुलं येऊन बारीक लांब शेंगा धरायला लागतात. तेव्हा मात्र सगळा कापते, कारण एका झाडाच्या शेंगांतून पुढच्या वर्षी अंगण भरतं.

केन्याचं वेगळं आहे. निळ्या फुलाबरोबर तो जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथे बी तयार करतो, शिवाय तुटलेलं पेर ओल्या मातीवर पडलं की रुजतं. भाजीपुरता ठेवा, बाकीचा पेरांसकट गोळा करून उन्हात टाका.

तेरडा गणपतीपर्यंत कुणी उपटू नये. आपल्याकडे कितीतरी घरांत गौर तेरड्याच्या रोपांची असते. आघाडा पत्रीला आणि ऋषिपंचमीला लागतो. या झाडांची कुंपणाकडची रांग तशीच ठेवली तर भाद्रपदात बाजारात धावायला नको. सणांचे दिवस लक्षात घेऊन बेणणी करणं ही आपल्याकडची जुनी शहाणी रीत आहे, नव्यानं गावी आलेल्यांनी ती जरूर उचलावी.

कुणाची गय करायची नाही

रानमोडी ओळखायला सोपी. समोरासमोर पानं, आकार त्रिकोणी, कडा दातेरी, आणि बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा. चुरगळलं की तीव्र वास. लहानपणी ती ओसाडीसारखी दिसते, पण ओसाडीचं पान मऊ, गोलसर आणि लवदार असतं. ही झुडपं उष्ण अमेरिकेतून आली आणि कोकणातल्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर), डोंगरउतारांवर, बंद आगरांत भिंतीसारखी उभी राहिली. फुलं थंडीत येतात आणि बी केसाळ असल्यामुळे वाऱ्यावर लांब जातं. म्हणून ती पावसातच काढायची, माती मऊ असताना, बुडाची गाठ धरून. नुसती कोयतीनं छाटली तर त्याच बुडातून अनेक फांद्या येतात आणि झुडूप आधीपेक्षा दाट होतं.

गाजर गवत घाटावर जास्त, पण आता आपल्या रस्त्यांच्या कडेलाही दिसतं. भारतात ते 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत भरलं. कोवळेपणी पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरतात आणि गाजराच्या पानासारखी चिरलेली असतात. झेंडूचं रोप मात्र सरळ उभं वाढतं आणि त्याला झेंडूचा वास असतो. गाजर गवताला उघडा हात लावू नका, अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. हातमोजे घालून, फुलं येण्याआधी उपटा.

नागरमोथ्याला खुरप्यानं वरवर खरडणं म्हणजे त्याची लागवडच. जमिनीखाली गाठींची माळ असते, ती तुटली की सुटी झालेली गाठ वेगळं रोप काढते. काट्याच्या फावड्यानं खोल उचलून गाठी वेचाव्या लागतात, आणि त्या उन्हाळ्यात उन्हात वाळवल्या तर मरतात. त्याला सावली सोसत नाही. वाफ्यात रताळ्याचे किंवा चवळीचे वेल दाट सोडले की तो हळूहळू मलूल होतो.

नर्सरीतून पैसे देऊन आणलेलं झाडही तण असू शकतं, हे पटायला जड जातं. वेडेलिया नावाचं पिवळ्या फुलांचं जमीन झाकणारं झाड अंगणासाठी विकलं जातं. ते पेरापेराला मुळं धरतं, पाटाच्या कडेनं आगरात उतरतं आणि खाली काही उगवू देत नाही. जगातल्या सर्वांत वाईट 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत घाणेरी आणि रानमोडीबरोबर त्याचंही नाव आहे. माझं सांगणं, कुंडीतसुद्धा लावू नका.

आंबा, चिकू आणि रातांबा

कलमांच्या आळ्यात उगवलेल्या फांदीकडे वेगळं बघावं लागतं. हापूसच्या कलमाला जोडाच्या खालून फुटवा आला तर तो रायवळ आंब्याचा असतो. तो जोमानं वाढतो आणि वरच्या हापूसचं पोषण ओढतो. चिकूचं कलम खिरणीवर बांधतात. खाली आलेल्या फुटव्याची पानं टोकाला खाच असलेली, गडद आणि जाड दिसली तर ती खिरणी. चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. दोन्ही फुटवे कोवळे असतानाच बुडाशी काढून टाका.

आंब्याच्या फांदीवरच वेगळ्या, जाड पानांचा झुबका दिसला तर ते बांडगूळ. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो, बांडगुळाचा येत नाही. नुसता झुबका ओढून काढला तर ते परत फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात उतरलेली असतात. चिकटलेल्या जागेच्या खालून फांदी कापा, आणि फळं येण्याआधी कापा, कारण त्याचं चिकट बी पक्षी फांदीफांदीला पुसत नेतात.

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप मात्र आपोआप आलेलं दिसलं की सगळ्यांना आनंद होतो. कोवळी पानं लालसर, सुंदर असतात. एवढंच ध्यानात ठेवा की रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून आलेलं झाड काय निघेल ते फुलं आल्यावरच कळतं, त्याला सात-आठ वर्षं जातात. जागा भरपूर असेल तर ठेवा. दोन माडांच्या मधल्या मोक्याच्या जागेवर आमसुलांसाठी झाड हवं असेल तर मादीचं कलम आणून लावा.

विचारायचं कसं

फोटो पाठवायचा तर एक पुरत नाही. पूर्ण रोप, पानाची वरची आणि खालची बाजू, पान खोडाला जुळतं ती जागा, आणि असेल तर फूल समोरून व बाजूनं, शेजारी नाणं किंवा बोट ठेवून. फोनमधली ओळख सांगणारी ॲप बागेतल्या फुलझाडांना बऱ्यापैकी ओळखतात, कोवळ्या रोपांना नाही. ॲपच्या भरवशावर काही शिजवू नका, कधीच.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बेणायला येणाऱ्या बायकांना विचारताना नुसतं नाव विचारू नका, कारण दोन वाड्यांत नावं बदलतात. त्याचं करतात काय, गुरं खातात का, पत्रीला चालतं का, असं विचारा. तरीही उलगडलं नाही तर फुलासकट फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात न्या. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

आणि उपटायचं ठरलंच, तर बी धरलेली झाडं आणि नागरमोथ्याच्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. बाकीचं बी नसलेलं तण मुळांची माती झटकून माडाच्या आळ्यात पसरा आणि वरून झावळ्यांचे तुकडे टाका, म्हणजे ते परत रुजत नाही.